तेजकवच घराण्याचे पाच खंड

माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायची, एवढंच मुळात ठरलं होतं. पुढे त्यात एक सरकारी खातं, शेजारीपाजारी, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि एका सभ्य गृहस्थाची अब्रू असं सगळं गुंतत गेलं. पण त्या रविवारी सकाळी स्टुलावर चढताना मुद्देसूदरावांना याची पुसटशीही कल्पना नव्हती. स्टूल डगमगत होतं, बायकोनं ते धरलं होतं, आणि धरल्याधरल्या ती विचारत होती, "अहो, पेटी पडली तर पेटी धरू की तुम्हाला? आधीच सांगून ठेवा."

मुद्देसूदराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते, आणि 'मुद्दा पहिला' म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडून वाक्य बाहेर पडत नसे. घरीसुद्धा तेच. "मुद्दा पहिला, भाजीत मीठ नाही. मुद्दा दुसरा, मी तक्रार करत नाही." कचेरीतल्या कुणीतरी हे नाव पाडलं, ते त्यांच्या मागोमाग इमारतीचा जिनाही चढून आलं, आणि आता पोस्टमनसुद्धा तेच म्हणे. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. माणसाला मुद्देसूद म्हणणं ही शिवी होऊ शकत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

पेटीत 'तेजकवच' या चित्रकथेचे अंक होते. शाळेत असल्यापासून जमवलेले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न हरवता. तेजकवच ही एका वीराची नव्हे, अख्ख्या घराण्याची गोष्ट. धातू वितळवण्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या एका साध्या माणसाच्या अंगावर वीज कोसळते आणि त्याला एक झळझळतं कवच मिळतं. ते घातलं की शहरावर येणारा प्रत्येक घाव त्याच्या छातीवर पडतो आणि शहर वाचतं. मरताना तो ते आपल्या मुलाला देतो, मुलगा त्याच्या मुलीला. देताना प्रत्येक जण तेच म्हणतो, "आता हे तुझं." ही नात मात्र हटवादी निघते. "माझ्या मापाचं नाही," म्हणून ती कवच खुंटीला टांगते, सायकल दुरुस्तीचं दुकान काढते, आणि मग कितीतरी अंक नुसत्या सायकलीच दुरुस्त होत राहतात. शेवटी शहरावर एवढं मोठं संकट येतं की तिला ते घालावंच लागतं. पुलावरच्या लढाईत ती शहर वाचवते, स्वतः कोसळते आणि मालिका संपते. मुद्देसूदरावांना ते सायकलींचे अंक मुळीच आवडत नसत. त्यांच्या मुलीला नेमके तेच आवडत.

ती लहान असताना तिला मांडीवर घेऊन ते हे अंक मोठ्यानं वाचत. प्रत्येकाचा वेगळा आवाज काढत. खलनायकाला तर त्यांनी स्वतःच्या पदरचा खोकला दिला होता. पुढे ती मोठी झाली, मांडी सुटली आणि वाचनही सुटलं. त्यानंतर बापलेकीचं बोलणं 'जेवलीस का', 'परीक्षा कधी' आणि 'येताना कडी लाव' एवढ्यावर येऊन थांबलं. भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा थोडं बोलावं लागतं. मुद्देसूदरावांचे आजोबा खात्यात व्हॉल्व्ह उघडायचे, वडील मीटर वाचायचे, ते स्वतः फायली सांभाळायचे. मुलीनंही खात्याची परीक्षा द्यावी असं त्यांना फार वाटे. तिनं ती दिली नाही. जहाजं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात तिनं नोकरी मिळवली आणि महिनाअखेरीस ती लांबच्या बंदराच्या शहरात निघाली होती. "पाण्याशी संबंध आहेच की, बाबा," ती म्हणाली.

जाताना तिनं आपलं काहीतरी घेऊन जावं, एवढंच त्यांना वाटत होतं. भांडी, पांघरुणं, डबे हे सगळं आईनं बांधून दिलं होतं. बापानं काय द्यायचं? म्हणून ही पेटी. सुटे अंक फाटतील, तेव्हा ते क्रमानं लावून, शिवून, कापडी पुठ्ठ्यात बांधून त्यांचे पाच खंड करायचे, तिच्या हातात ठेवायचे आणि म्हणायचं, "आता हे तुझं." हे वाक्य त्यांनी दाढी करताना आरशासमोर म्हणूनही पाहिलं. साबण तोंडात गेला, पण वाक्य चांगलं वाटलं.

पेटी उघडली आणि कळलं की अंकांना कसर लागली आहे. ही बातमी जिन्यात कशी पोचली देव जाणे, पण पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर हजर झाले.

"ऊन दाखवा," मास्तर म्हणाले. "कसरीला उन्हासारखा शत्रू नाही. गच्चीवर पसरा, मी तिथेच बसून लक्ष ठेवतो."

"छे छे, उन्हानं रंग उडतील!" समोरच्या दारातून दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना रविवारी दवाखाना नसतो आणि सल्ला मात्र आठवडाभर साठलेला असतो. "फ्रीजमध्ये ठेवा. थंडीनं किडा आपोआप मरतो."

"बाई, ती पुस्तकं आहेत, दाढा नव्हेत."

"म्हणूनच सांगतेय. दाढा परत बसवता येतात."

कुणाचंच मन मोडायचं नाही, हा मुद्देसूदरावांचा जुना दोष. त्यांनी निम्मे अंक गच्चीवर पसरले आणि निम्मे फ्रीजमध्ये ठेवले. उंटावरचे शहाणे दोन असले की उंटाचे पाय कुठे वळायचे ते वळतात. दुपारी वारा सुटला. लक्ष ठेवणाऱ्या मास्तरांचा डोळा लागला होता. अंक गच्चीभर उडाले, आणि एक अंक थेट इमारतीच्या पाण्याच्या टाकीत जाऊन पडला, कारण टाकीचं झाकण उघडं होतं. आता, टाकीचं झाकण उघडं ठेवणाऱ्या इमारतींना नोटिसा काढणं हे मुद्देसूदरावांच्याच टेबलाचं काम. खांद्यापर्यंत हात टाकीत घालून ते चाचपडत असताना जागे झालेले मास्तर गच्चीच्या कठड्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, पिण्याचं पाणी आहे ते! तुम्ही तरी असं करावं?" खाली दोन-चार खिडक्या उघडल्या. अंक सापडला. अब्रू टाकीतच राहिली. फ्रीजमधले अंक संध्याकाळी काढले तेव्हा त्यांना कांद्याचा वास लागला होता, आणि बायकोच्या मते दुधाला शाईचा.

कसर कुठल्या उपायानं गेली हे कळायला मार्ग नव्हता. पण दोघेही शेजारी श्रेय घेऊन गेले.

मग बांधणी. कॉलेजजवळच्या दुकानात मुद्देसूदराव गठ्ठे घेऊन गेले, तर काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "विषय?"

"तेजकवच."

"मार्गदर्शकाचं नाव?"

"मार्गदर्शक नाही. चित्रकथा आहे ही."

त्यानं मान वर केली. "काका, आमच्याकडे प्रबंध बांधतात. पाठीवर विषय, विद्यार्थी, मार्गदर्शक आणि वर्ष आलंच पाहिजे. त्याशिवाय आमचा साचा बसत नाही." आणि त्यानं मागच्या मुलीला हाक मारली, "पुढचा प्रबंध!"

शेवटी त्यांना खळकाका आठवले. खळकाका म्हणजे कचेरीच्या तळमजल्यावर जुन्या फायली शिवून त्यांचे खंड बांधणारे गृहस्थ. बोटांना कायम खळ लागलेली, म्हणून हे नाव. त्यांनी चहा पिऊन टाकलेल्या कपाचा कान कपापेक्षा बोटाला जास्त चिकटतो, असं लोक म्हणत. मधल्या सुट्टीत काम करून देतो म्हणाले. मुद्देसूदरावांनी घरी बसून सगळे अंक क्रमानं लावले, पहिला सगळ्यात वर, शेवटचा सगळ्यात खाली, आणि गठ्ठे घेऊन दुसऱ्या दिवशी कचेरीच्या फाटकाशी आले.

फाटकावरचा पहारेकरी ज्याला त्याला 'थांबा' म्हणत असे, म्हणून त्याचं नावच थांबाराव पडलं होतं. "थांबा! काय नेताय आत?"

"जुने कागद."

थांबारावांनी वहीत लिहिलं, 'जुने कागद, पाच गठ्ठे', आणि जरा विचार करून पुढे स्वतःच्या अकलेनं 'खात्याचे' हा शब्द जोडला. मुद्देसूदरावांनी तो पाहिला. पण खासगी म्हणावं तर परवानगी लागणार, परवानगीला अर्ज, अर्जाला कारण, आणि कारणाच्या रकान्यात काय 'शहराचे रक्षण' लिहायचं? ते गप्प बसून आत गेले. असं गप्प बसणं पुढे फार महागात पडतं.

खळकाकांनी काम मन लावून केलं. कडा यंत्रावर कापून सारख्या केल्या, लाल कापड चढवलं, पाठीवर खंड पहिला ते खंड पाचवा असे आकडे घातले, आणि सवयीनं प्रत्येक खंडावर खात्याचा शिक्काही मारला. वर ते सगळे जाड दोऱ्यानं करकचून बांधून, गाठीवर लाख लावून दिले. खात्याचे खंड असेच बांधले जातात. ते मुद्देसूदरावांच्या हाती देताना खळकाका अर्थपूर्ण हसले आणि हळूच म्हणाले, "साहेब, काळजी करू नका. मी कुणाला बोलणार नाही." कशाची काळजी ते मुद्देसूदरावांना कळलं नाही. चित्रकथा वाचतो ही गोष्ट काका पोटात ठेवणार, असा त्यांनी अर्थ घेतला आणि आभार मानले.

फाटकाशी थांबाराव उभेच होते. "थांबा! हे आत आले ते खात्याचे म्हणून. शिक्का आहे, लाख आहे. खात्याचे खंड बाहेर न्यायला मोठ्या साहेबांची सही लागते."

"अहो, 'खात्याचे' हे तुम्ही लिहिलंत!"

"आणि तुम्ही बघत होतात," थांबाराव म्हणाले.

अशा रीतीनं तेजकवच घराणं मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेलं. मुद्देसूदरावांनी त्यांच्यापुढे उभं राहून सगळी हकीकत मुद्द्यांत सांगितली. सातव्या मुद्द्याला साहेबांनी हात वर केला. "ठेवून जा. पाहतो."

सरकारी कचेरीत 'पाहतो' या शब्दाला तळ नसतो. मुलगी निघायचा दिवस जवळ येत होता. साहेबांचं दार बंद असे, आणि शिपाई सांगे की साहेब महत्त्वाचं काही वाचताहेत, फोनही घेत नाहीत. मुद्देसूदराव रोज तीन वेळा त्या दारावरून जात आणि घरी येऊन मुलीच्या भरत चाललेल्या बॅगांकडे बघत. बॅगेत एका बाजूला त्यांनी स्वतःच पाच खंडांपुरती जागा मागून ठेवली होती. "काय आहे तरी काय, बाबा?" ती विचारी. "आहे एक," ते म्हणत. एवढं लांबलचक बोलणं त्यांच्यात कित्येक दिवसांत झालं नव्हतं, त्यामुळे उशीर होत असूनही त्यांना थोडं बरं वाटे.

शेवटी बोलावणं आलं. "एकच मार्ग आहे," साहेब म्हणाले. "हे खंड निरुपयोगी म्हणून खात्यातून काढून टाकायचे. तसा दाखला हेडक्लार्कनं द्यायचा. म्हणजे तुम्हीच."

मुद्देसूदराव आपल्या टेबलाशी बसले आणि लिहू लागले. मुद्दा पहिला, सदर खंड कोणत्याही उपयोगाचे नाहीत. मुद्दा दुसरा, ते जपून ठेवण्याचे काहीही कारण दिसत नाही. इथे त्यांचा हात थांबला. असले दाखले त्यांनी आयुष्यभर लिहिले होते, जुन्या नळांचे, गंजलेल्या मीटरांचे, आणि कधी दुसऱ्यांदा विचार केला नव्हता. आज मात्र त्यांना आपल्याच हातानं कुणाची तरी निंदा लिहिल्यासारखं वाटलं. सगळ्यात वाईट म्हणजे, वाचून पाहिलं तर दाखल्यात खोटं काहीच नव्हतं. कशाच्या उपयोगाचे होते ते? पोरगीसुद्धा असंच म्हणाली तर? त्यांनी सही केली आणि पेन जरा जास्तच जोरात बंद केलं.

साहेबांनीही सही केली. नियमाप्रमाणे निरुपयोगी कागद फाडून मगच बाहेर न्यायचे असतात. ती ओळ साहेबांनी स्वतःच्या हातानं खोडली. खंड उचलून देताना ते म्हणाले, "छान आहे हो. विशेषतः शेवट. तो भट्टीवाला शेवटी अगदी धडधाकट राहतो, हे फार आवडलं."

भट्टीवाला तर सुरुवातीलाच मरतो. साहेबांनी इकडची तिकडची पानं चाळली असावीत, असं मुद्देसूदरावांना वाटलं. मोठी माणसं अशीच वाचतात. त्यांनी मान डोलावली आणि साहेबांनी पुन्हा बांधलेली गाठ न सोडता घर गाठलं.

मुलगी सोमवारी निघणार होती. हा शनिवार. बातमी पुन्हा आधीच पोचली होती, त्यामुळे खोलीत मास्तर होते, डॉक्टरीणबाई होत्या, बायको होती, आणि बॅगांच्या मधोमध मुलगी उभी होती. मुद्देसूदरावांनी दोरा सोडला. लाल कापड झळकलं. "वा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुद्देसूदरावांनी खंड पहिला मुलीच्या हातात ठेवला, घसा साफ केला, आणि एवढ्या माणसांसमोर ते ठरवलेलं वाक्य काही केल्या येईना. "मुद्दा पहिला," ते म्हणाले आणि तिथेच अडकले.

मुलीनं खंड उघडला. पहिल्याच चित्रात घराण्यातली नात पुलावर लढत होती. पुढच्या पानांत ती कोसळली. तिच्याखाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'समाप्त'.

"सुरुवातीलाच समाप्त?" मास्तर म्हणाले. सगळीकडे शांतता असताना नेमकं बोलायचं, ही त्यांची शिकवण्याची पद्धत होती.

मुद्देसूदरावांनी खंड ओढून घेतला. दुसरा उघडला, तिसरा उघडला. अंकाच्या आतली पानं सरळ होती, पण अंक सगळे उलटे लागले होते. शेवटचा सगळ्यात आधी, पहिला सगळ्यात शेवटी. शेजाऱ्यांसमोर त्यांचा चेहरा असा झाला की डॉक्टरीणबाईंना एकाएकी गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. जाताना त्या मास्तरांनाही दंडाला धरून घेऊन गेल्या.

रविवारी सकाळीच मुद्देसूदराव खळकाकांच्या घरी थडकले. खळकाका त्यांना पाहून घाबरले नाहीत, उलट दार लावून घेऊन हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मी ओळखलं होतं तुमच्या हातून चूक झालीय. एवढे शिस्तीचे तुम्ही, आणि गठ्ठे उलटे लावलेले! पहिला कागद वर! कचेरीत कळलं असतं तर लोक हसले असते. म्हणून मी गुपचूप सरळ करून बांधले. बोललो नाही कुणाला."

आणि मुद्देसूदरावांना खळकाकांच्या टेबलामागची भिंत आठवली. तिथे कितीतरी वर्षांपासून एक आदेश चिकटवलेला होता: 'प्रत्येक फायलीत सर्वांत नवा कागद सर्वांत वर राहील. हयगय खपवून घेतली जाणार नाही.' खाली सही त्यांचीच. हा नियम आणण्यासाठी ते तीन साहेबांशी भांडले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. रागवायला समोर माणूस होता, पण राग कुठे ठेवावा ते कळेना. खळकाकांनी चहा दिला. मुद्देसूदरावांनी तो प्यायला. "उसवता येईल?" त्यांनी विचारलं.

"कडा कापल्यात, साहेब. शिवणीला आता जागा नाही. उसवलं तर पानं हातात येतील."

घरी आले तर मुलगी जमिनीवर बसली होती. बॅगा अर्धवट भरलेल्या, आणि ती भिंतीला टेकून वाचत होती. खंड पाचवा हातात होता. म्हणजे ती कालपासून वाचत होती.

"ठेव ते, बाळा," ते म्हणाले. "सगळा घोळ झालाय. उलटं आहे."

"माहीत आहे. तसंच वाचतेय." तिनं बाजूची पांघरुणं सरकवली आणि ते तिच्याजवळ बसले. गुडघे कुरकुरले. "उलटं वाचलं ना बाबा, की यात कुणी कुणाला कवच देतच नाही. आधी ती पुलावर पडलेली असते, एकटी. मग तिच्या अंगावरनं कवच उतरतं, खुंटीला लागतं, आणि ती आरामात सायकली दुरुस्त करत बसते. मग तिचे बाबा मरतात, आणि पुढच्या अंकात उठून बसतात! मग त्यांचंही कवच उतरतं. मग आजोबांचं. एकेक माणूस हलका होत जातो."

"अगं, पण गोष्ट तशी नाही," मुद्देसूदराव म्हणाले. त्यांच्यातला हेडक्लार्क सहजासहजी हार मानत नसे.

"नसू दे. शेवटी काय राहतं माहिती आहे? हा अंक." तिनं पान पुढे केलं. तो पहिला अंक होता. त्यात काहीही घडत नाही, म्हणून त्या काळी सगळ्यांनी नावं ठेवली होती. वीज पडते ती दुसऱ्या अंकात. यात भट्टीवाला नुसता दिवसभर काम करतो आणि संध्याकाळी घरी येतो. पायरीवर त्याचा लहान मुलगा बसलेला असतो. "काय आणलंत?" तो विचारतो. बाप दोन्ही रिकामे हात दाखवतो. मुलगा पायरीवर सरकून त्याला जागा करून देतो. संपलं.

"हा अंक वाचताना तुम्ही दोन-दोन पानं एकदम उलटायचात," ती म्हणाली.

"काही घडत नव्हतं ना त्यात."

"हो." तिनं खंड मिटला. "बाबा, मी हे नेणार नाही."

मुद्देसूदरावांना वाईट वाटलं. त्यात मुद्दे नव्हते, साधं सरळ वाईट वाटलं. निरुपयोगी असल्याचा दाखला त्यांनी स्वतःच दिला होता. तो आता मंजूर झाला. "जड आहेत, बरोबर आहे," ते म्हणाले. "इथे ठेवू. आईला सांगतो, त्या जागेत आणखी एक पांघरूण बसेल."

"जड आहेत म्हणून नाही. बाबा, ऐका ना. तुम्ही मला सारखं काहीतरी द्यायला बघता. आधी खात्याची परीक्षा, आता हे. मला कळतं. तुम्हाला माझ्याशी बोलायचं असतं, आणि नुसतं बोलता येत नाही, म्हणून तुम्ही काहीतरी घेऊन येता." तिनं मिटलेला खंड बाजूला ठेवला. "मलाही येत नाही. मुलगी कुणाची आहे मी? तर तुम्ही तिकडे या. नुसते या. हातात काही न घेता."

मुद्देसूदरावांनी अगदी मनापासून विचारलं, "काही न घेता कसं यायचं?"

"येऊन बघा," ती म्हणाली.

सोमवारी ती गेली. खंड कपाटात राहिले. घर इतकं नीटनेटकं झालं की मुद्देसूदरावांना ते आवडेना. पुढच्या महिन्यात त्यांनी रजा टाकली. निघायच्या दिवशी बायकोनं पिशवी भरून दाराशी आणून ठेवली. मास्तर म्हणाले, तिकडची हवा दमट असते, लोकरीचं काहीतरी न्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमट हवेत लोकर कसली नेताय, त्यापेक्षा दातांची पेस्ट न्या, तिकडची चांगली नसते. मुद्देसूदरावांनी दोघांचे आभार मानले, पिशवी उचलून आत नेऊन ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोघांचंही मन मोडून ते घराबाहेर पडले. "अहो, पोरीकडे असं हात हलवत जायचं?" बायकोनं जिन्यातून विचारलं. "तिनंच सांगितलंय," ते म्हणाले, पण त्यांनाही ते पटत नव्हतं.

प्रवासभर हातांचं काय करावं ते कळेना. मांडीवर ठेवले तर परीक्षेला बसल्यासारखं वाटे, घडी घातली तर रागावल्यासारखं. बंदराच्या शहरात गाडी थांबली तेव्हा उतरणारा प्रत्येक जण काही ना काही ओढत होता, वाहत होता, सांभाळत होता. आपण काहीतरी विसरलोय असं वाटून त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

मुलगी कारखान्यातून तशीच धावत आली होती. अंगात निळे कामाचे कपडे, गालावर काळा डाग. तिनं लांबूनच हात पुढे केला, आणि जवळ येताच त्यावरचं वंगण पाहून मागे घेतला. "थांबा, पुसते," ती फडकं शोधत म्हणाली. "तुमचा शर्ट खराब होईल."

एरवी त्यांनी पिशवी पुढे केली असती. 'आईनं दिलंय' म्हटलं असतं, तिनं 'कशाला उगाच' म्हटलं असतं, आणि दोघं पिशवीबद्दल बोलत बोलत घरी गेले असते. आज पुढे करायला काहीच नव्हतं. मुद्देसूदरावांनी तिचा हात तसाच, काळा, आपल्या दोन्ही हातांत धरला. फडकं सापडलं तरी त्यांनी तो सोडला नाही.